कढी, काढा आणि कॅप्सूल

दादर स्टेशनच्या पश्चिमेला, रानडे रोडच्या अंगाला असलेल्या एखाद्या काष्ठौषधीच्या दुकानात शिरून ‘अश्वगंधा द्या’ एवढे म्हणून भागत नाही. गल्ल्यावरचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘चूर्ण देऊ, गोळी, कॅप्सूल, का अरिष्ट?’ जरा रेंगाळलात तर त्याच मुळीचा अवलेह, तूप, तेल आणि अलीकडे निघालेली चघळायची ‘गमी’ही पुढ्यात येते. मूळ एकच. जुन्या मराठीत त्याला आस्कंद म्हणत. ते ‘अश्वगंधा’चेच झिजलेले रूप. गिऱ्हाईक किमती बघते, डबीवरचा घोडा बघते आणि बहुधा शेजारच्या बाईंनी जे घेतले तेच मागते.

यातले काय घ्यावे हे वैद्याने सांगावे. दुकानदाराच्या त्या वाक्यातला एकेक शब्द उलटून पाहणे एवढाच माझा उद्योग. तो करताना एक गोष्ट ध्यानात येते. जुन्या औषधरूपांची नावे बहुतेक करून कामाची नावे आहेत: कढवणे, कुटणे, वळणे, चाटणे. नव्या रूपांची नावे डबीची नाहीतर आकाराची आहेत. म्हणजे चूर्ण घ्यावे की कॅप्सूल, या प्रश्नात ‘खटपट कोणी करायची’ हा दुसरा प्रश्न दडलेला असतो. घरातल्या बाईने, वैद्याने, की कारखान्याने?

‘रूप’ म्हणतो आहे खरा, पण आयुर्वेदाचा शब्द वेगळा आहे: कल्पना. वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयात (स्थापना १९४१) विद्यार्थी ‘भैषज्यकल्पना’ नावाचा विषय घेतो तेव्हा तो औषध तयार करायला शिकत असतो. ‘कॢप्’ म्हणजे जुळवणे, योग्य करणे, घडवणे. मनात घडवली ती आपली रोजची कल्पना, खलात घडवली ती वैद्याची. ‘कल्प’ही त्याच धातूचा, बाळंतिणीला दुधातून देतात तो साखरेचा दाणेदार शतावरी कल्प मराठी घरांना चांगला माहीत आहे. या शास्त्रातल्या ‘भावना’चीही अशीच गंमत. आवळ्याच्या चूर्णाला आवळ्याच्याच रसाच्या भावना दिल्या, असे वाचून एखाद्याला वैद्यबुवा फार हळवे वाटतील. भावना देणे म्हणजे रसात भिजवून, खलून, वाळवणे. आणि पुन्हा भिजवणे.

आता काढा. हा शब्द बहुतेकांना ‘काढणे’पासून आलेला वाटतो. वनस्पतीतला गुण पाण्यात काढला, म्हणून काढा. व्युत्पत्ती पटण्यासारखी आहे, पण खरी नाही. संस्कृत ‘क्वथ्’ म्हणजे उकळणे. प्राकृतात त्याचा ‘कढ’ झाला आणि तिथून मराठीत कढणे, कढवणे, कढत, कढ आणि कढी असा सगळा परिवार उतरला. ‘क्वाथ’चा झाला काढा. ‘काढणे’ निघाले ते ओढण्याच्या अर्थाच्या ‘कृष्’च्या गोतावळ्यातून, प्राकृत ‘कड्ढ’मार्गे. म्हणजे काढ्याची सख्खी बहीण कढी. ताकाला उकळी आली की एक, अडुळशाला उकळी आली की दुसरा. कढई मात्र या घरातली नाही, हे सांगितले की लोक हिरमुसतात. ती ‘कटाह’ची लेक. तिचा शेवटचा ‘ह’ मागे सरकून ‘ड’ला चिकटला आणि ती कढीच्या पंगतीत येऊन बसली. तूप कढईत कढवले तरी ते दोन शब्द एकमेकांचे कोणी लागत नाहीत.

शार्ङ्गधरसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या मध्यमखंडाची मांडणीच मुळी या रूपांच्या क्रमाने आहे: आधी स्वरस, मग क्वाथ, फांट, हिम, कल्क, चूर्ण, गुटिका, अवलेह, मग तेले-तुपे, मग आसव-अरिष्टे आणि शेवटी धातू आणि रसौषधे. क्वाथाचे माप तिथे नेमके सांगितले आहे. भरड कुटलेल्या औषधाच्या सोळापट पाणी, मातीचे भांडे, आणि पाण्याचा आठवा हिस्सा उरेपर्यंत आच. हाच तो ‘अष्टमांश काढा’. गिरगावातल्या चाळीतली एखादी आजी सुनेला ‘आठ कपांचा एक कप होऊ दे गं’ म्हणत असे, तेव्हा शार्ङ्गधराचे नाव तिने ऐकलेले असायचेच असे नाही. माप मात्र त्याचेच.

क्वाथाचे दुसरे नाव कषाय. मूळ अर्थ तुरट. मग तुरट सालींचा जो तांबूस रंग उतरतो तोही कषाय, म्हणून संन्याशाचे वस्त्र काषाय. प्रमाण मराठीत हा शब्द पोथीतच राहिला. पण गावदेवी-ताडदेवच्या सारस्वत वसाहतींमधल्या कोंकणी घरांत तो रोज चुलीवर असतो. धने-जिरे भाजून केलेली पूड, पाणी, दूध, गूळ. चहा-कॉफीच्या जागी कषाय. दोघांचा अर्थ एकच असून काढा म्हटले की दुखणे आठवते, कषाय म्हटले की सकाळ.

मला या यादीतला सर्वांत लाडका शब्द आहे ‘फांट’. मराठीत तो रुळलाच नाही, वाईट वाटते. गरम पाण्यात औषधाची पूड टाकायची, झाकायचे, गाळायचे, प्यायचे. उकळणे नाही, वाटणे नाही. पाणिनीने एका सूत्रात काही अनियमित रूपांची यादी दिली आहे. त्यात ‘फांट’चा अर्थ दिला आहे ‘अनायास’. विनासायास झालेले! पुढे काशिकावृत्तीने खुलासा केला की न उकळता, न वाटता, नुसत्या पाण्याच्या स्पर्शाने ज्याचा रस सुटतो ते फांट. औषध करायला किती कष्ट पडले, हेच औषधाचे नाव झाले. माझ्या मुद्द्याला याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. चरकाने स्वरसापासून फांटापर्यंतच्या पाच औषधरूपांमध्ये पहिला सर्वांत बलवान आणि पुढचे क्रमाने हलके असे सांगितले आहे, त्यात फांट शेवटचा. सोपे आणि सौम्य. आपला पुडीचा चहा हा शास्त्रशुद्ध फांट आहे. पावसाळ्यात भाजीवाल्या गवती चहाच्या जुड्या विकतात, तो आपण खळखळून उकळतो; म्हणजे त्याचा आपण क्वाथ करतो, आणि नाव मात्र चहा.

उलटेही घडले. २०२० साली, कोविडच्या साथीत, आयुष मंत्रालयाने ‘आयुष क्वाथ’ सुचवला: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. घ्यायचा कसा? तीन ग्रॅम भरड पुडी किंवा पाचशे मिलिग्रॅमची गोळी, दीडशे मिलिलिटर उकळत्या पाण्यात टाकून, चहासारखी. सोळापट पाणी नाही, आठवा हिस्सा नाही. नाव क्वाथाचे, कृती फांटाची आणि पर्याय म्हणून गोळी! शार्ङ्गधराचे तीन अध्याय एका पाकिटात. त्या वर्षी परळपासून गिरगावापर्यंत घरोघर चुलीवर जे उकळत होते ते मात्र खरे काढेच होते, आणि काही ठिकाणी जरा जास्तच कडक.

चूर्णाची कथा वेगळ्या वळणाची आहे. वैद्याने शब्द जसाच्या तसा, संस्कृत ठेवला: त्रिफळा चूर्ण, हिंग्वाष्टक चूर्ण, सितोपलादि चूर्ण. लोकांनी तो वापरून वापरून झिजवला. ‘चूर्ण’चे प्राकृत ‘चुण्ण’, आणि त्याचा मराठीत ‘चुना’. पानाला लागतो तो, भिंतीला लागतो तो आणि दुसऱ्याला लावतात तो. दुसरे रूप ‘चून’. वऱ्हाडा-खानदेशात पिठल्याला चून म्हणतात. चून-भाकर म्हणजे डाळीच्या पिठाचे ते. गोव्याकडे चून म्हणजे मोदकात भरायचे नारळ-गुळाचे सारण. दळले, किसले, कुटले की झाले चूर्ण. मग ते हरभऱ्याचे असो, खोबऱ्याचे असो की चुनखडीचे. लालबागच्या मसाल्याच्या गल्लीत डंखावर मिरच्या कुटल्या जातात, त्यालाही चरक बिनदिक्कत चूर्ण म्हणाला असता. मराठीने इथे चांगला निवाडा केला आहे. दवाखान्यात तत्सम, स्वयंपाकघरात तद्भव. ‘त्रिफळ्याचा चुना’ म्हणून पाहा, वैद्य पैसे परत देईल.

वैद्यकीय मराठीत चूर्णाबरोबर दोन फार देखणे शब्द आहेत: ‘भरड’ आणि ‘वस्त्रगाळ’. काढ्याला भरड हवी, पोटात घ्यायला वस्त्रगाळ. एका शब्दात आख्खी कृती: पातळ कापड, त्यावर पूड, हलक्या हाताने चाळणे. आता यंत्राची जाळी असते आणि तिचा नंबर असतो. पण जुने दुकानदार अजून विचारतात, ‘वस्त्रगाळ हवंय का ताई?’ चूर्णाचा गुण दोन महिन्यांत ओसरतो, असे शार्ङ्गधर म्हणतो. गुटिका आणि अवलेह वर्षभर टिकतात, तूप-तेल चार महिने. आसवे आणि रसौषधे मात्र जुनी होतील तशी चांगली. आजच्या पाकिटावरची मुदत वर्षांनी मोजलेली असते. बंद डबी, कोरडी हवा, हे सगळे मान्य. पण मुंबईच्या जुलैमध्ये एकदा उघडलेल्या चूर्णाच्या डबीत चमचा उभा राहू लागला की मी शार्ङ्गधराच्या बाजूने असतो.

आणि मग गोळी. शार्ङ्गधर गोळीचे पर्यायी शब्द देतो ते वाचताना भूक लागते: वटक, गुटिका, वटी, मोदक, वटिका, पिंडी, गुड, वर्ती. औषधाच्या यादीत मोदक! आणि ‘वटक’ म्हणजे आपला वडा. वटकचा वडा, वटिकेची वडी. संजीवनी वटी आणि बटाटावडा ही चुलत भावंडे आहेत आणि दोघांची कृतीही एकच: मळा, वळा, पुढे एकाला वाळवा, दुसऱ्याला तळा. दादर स्टेशनबाहेर १९६६च्या सुमारास पावात वडा घालून विकणाऱ्या ज्या गृहस्थांना वडापावाचे श्रेय दिले जाते त्यांचे नाव अशोक वैद्य. शब्दांचा अभ्यास करणाऱ्याने योगायोगाला सिद्धांत करू नये, पण हा सोडवत नाही.

‘गुड’ म्हणजे गूळ, आणि मुळात गोळाच. गूळ घालून बांधलेल्या औषधाला ‘बाहुशाल गुड’ असेच नाव आहे. गुळाने, मधाने, साखरेच्या पाकाने बांधणे ही औषधाची आणि मिठाईची सामाईक विद्या. म्हणून ‘पाक’ शब्दही दोन्हीकडे: कोहळेपाक, मुसळीपाक, आलेपाक. थंडीत दादरच्या फुटपाथावर आलेपाकाच्या वड्या मांडलेल्या दिसतात त्या औषध म्हणून घेतल्या की खाऊ म्हणून, हे घेणाऱ्यालाही नक्की सांगता येत नाही. अवलेहात ‘लिह्’, म्हणजे चाटणे. मराठीने तो शब्द आयता न घेता स्वतःचा केला: चाटण. लहान मुलासाठी चाटण, मोठ्यासाठी अवलेह. च्यवनप्राशाला कोणी चाटण म्हटले तर ते निम्म्या किमतीला विकावे लागेल.

गुळवेलीचे नाव इथेच उरकून घेतो. ‘गूळ’ आणि ‘वेल’ असा सरळ समास दिसतो आणि वेल तर कडू जहर. फसवणूक गुळाची नाही; मूळ शब्द गुडूची, त्याचा आपण केला गुळवेल. परळच्या केईएम रुग्णालयात शारदिनी डहाणूकर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वेलीवर आधुनिक औषधशास्त्राच्या पद्धतीने काम केले; पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीच्या रुग्णांत गुळवेल प्रतिकारशक्ती टिकवायला मदत करते का, हे त्यांनी तपासले. मराठी वाचक डहाणूकरांना ‘वृक्षगान’सारख्या पुस्तकांमुळे ओळखतात, त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या हे अनेकांना उशिरा कळते. याच शहरातून २०२१मध्ये डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले आणि आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष अमान्य केला. वाद वैद्यकाचा आहे. शब्दांकडून त्यात एवढेच घालता येते की ‘गुळवेल घेतो’ या वाक्याला अर्थच नसतो. ताज्या कांडाचा अंगरस, वाळक्या भरडीचा काढा, पाण्यात ठेचून तळाशी बसलेल्या पांढऱ्या पिठाचे गुळवेलसत्त्व आणि कारखान्यातला दाट केलेला अर्क भरलेली कॅप्सूल या चार वेगळ्या वस्तू आहेत. ‘गुळवेल घेता का?’ याच्या पुढचा प्रश्न ‘कशी घेता?’ हा असला पाहिजे, आणि डॉक्टरलाही तेच सांगितले पाहिजे.

नावांतले हे काम घराबाहेर कसे पडले हे पाहायला मुंबईसारखी जागा नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेला गडी एका खोलीत दहाजणांबरोबर राहायचा, खाणावळीत जेवायचा, पाळीला जायचा. त्याने आठ कपांचा एक कप करायचा तो कुठल्या स्टोव्हवर? गिरगावातल्या बिऱ्हाडांत सहाण होती, खलबत्ता होता, बाळासाठी हळकुंड, वेखंड, सुंठ, हिरडा, मुरुडशेंग दोन-दोन वळसे उगाळायला वेळ आणि आजी दोन्ही होते. (बाळगुटीतली ‘गुटी’ गुटिकेची, म्हणजे गोळीची, प्रत्यक्षात ती उगाळलेले चाटण असते. सहा महिने निव्वळ आईचे दूध, असा आता सल्ला असल्याने तीही मागे पडली. ‘बाळकडू’ मात्र लालबाग-परळच्या राजकीय भाषणांत ठणठणीत आहे.) बाकीच्यांसाठी हे काम कोणीतरी आधी करून ठेवणे भाग होते.

ते केले वैद्यांच्या घराण्यांनीच. कृष्णशास्त्री पुराणिकांनी १८७२मध्ये पनवेलला श्री धूतपापेश्वर सुरू केले. नाव राजापूरजवळच्या देवळाचे, पापे धुऊन काढणाऱ्या शंकराचे. पोट साफ करणाऱ्या औषधांना इतके नेमके नाव जाहिरातवाल्याला सुचले नसते. त्यांचे मुंबईतले कार्यालय गिरगावात खेतवाडीला. जामनगरच्या झंडू भट्टांच्या नातवाने, जुगतराम वैद्यांनी, १९१०मध्ये झंडू फार्मास्युटिकल वर्क्स काढले. दादरला गोखले रोडवर त्यांचा कारखाना होता. खलातले काम यंत्रात गेले, तरी नावे राहिली: वटी, घृत, आसव, अरिष्ट. बाटलीवर ‘क्वाथ’ लिहिलेले असते, आणि आत सहसा संरक्षक घातलेला तयार काढा. आठ कपांचा एक करण्याचा वेळ आपण किमतीत भरतो.

‘अरिष्ट’ या शब्दापाशी मराठी माणूस अडखळतो, आणि ते रास्त आहे. अरिष्ट कोसळते, अरिष्ट टळते. ते दोन चमचे समभाग पाण्यातून जेवणानंतर कसे घ्यायचे? ‘रिष्ट’ म्हणजे इजा झालेले. अ-रिष्ट म्हणजे अबाधित, ज्याला काही होत नाही असे. आंबवून टिकवलेले औषध नासत नाही, म्हणून त्याला हे नाव शोभते. संस्कृतातच याच शब्दाला अशुभचिन्हाचा अर्थ चिकटला, वैद्यकात मरणाची पूर्वलक्षणे ‘अरिष्ट लक्षणे’ झाली आणि मराठीने संकट तेवढे उचलले. म्हणजे दशमूलारिष्टाच्या बाटलीवर आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात एकच शब्द उलट अर्थाने उभा असतो. तिसरे रूप त्याच काष्ठौषधीच्या दुकानात पोत्यात आहे: रिठा. ‘अरिष्टक’चा पहिला ‘अ’ पडला आणि केस धुवायचा रिठा उरला.

आसव आणि अरिष्ट यांतला फरक शार्ङ्गधराने दिला आहे: औषध न उकळता आंबवले तर आसव, काढा करून आंबवले तर अरिष्ट. धायटीची फुले, गूळ, मध, बंद भांडे, आणि मद्यार्क आपोआप तयार होतो. या आपोआपने मुंबई राज्याला बरीच डोकेदुखी दिली. १९४९च्या दारूबंदी कायद्याने मद्यार्क असलेल्या औषधांनाही आवळले होते. मुंबईच्या एफ. एन. बलसारा या नागरिकाने न्यायालयात जाऊन व्हिस्की, ब्रँडी, बिअर यांच्याबरोबर औषधी वाइन आणि ओ द कोलोन बाळगण्याचाही हक्क मागितला. १९५१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायदा मोठ्या भागात कायम ठेवला, पण मद्यार्कयुक्त औषधे आणि प्रसाधने यांवरची बंधने रद्द केली. दारूचे काय करायचे ते राज्याने ठरवावे, औषधाला मोकळीक, असा तो निवाडा. ‘सु’ म्हणजे पिळणे, गाळणे. आसव त्यातूनच आला. बलसारांना हे माहीत असायचे कारण नव्हते.

अर्क मात्र आपला नव्हे. रुईला संस्कृतात अर्क म्हणतात आणि शनिवारी मारुतीला घालायच्या रुईच्या माळा दादरच्या फुलबाजारात मिळतात. पण ओव्याचा अर्क त्या कुळातला नाही. तो अरबी ‘अरक’, म्हणजे घाम: भट्टीच्या नळीतून थेंब थेंब गळणारा. ‘लबाडीचा अर्क’ म्हणतो तो हाच. जुलाबही असाच दुरून आला. फारसी गुलाबपाण्याचे अरबीत सरबत झाले, सरबताचे रेचक, आणि आपल्याकडे थेट परिणाम. गुलकंदातला ‘कंद’ फारसी ‘कंद’, आणि तो मुळात आपलाच ‘खंड’, खडीसाखरेतला. बाहेर जाऊन गुलाबाबरोबर परत आला.

मात्रा म्हणजे खरे तर माप. मोजून द्यायच्या जहाल रसौषधींचे माप इतके महत्त्वाचे की मापच औषध झाले. हेमगर्भाची मात्रा जुन्या मराठी कथा-कादंबऱ्यांत शेवटच्या घटकेला उगाळतात. ‘त्याच्यापुढे कुणाची मात्रा चालत नाही’ हे तिथूनच. पुढे इंग्रजी ‘डोस’ आला, त्याचाही अर्थ माप, आणि त्याचेही आपण तेच केले: उपदेशाचे डोस पाजू लागलो.

नव्या नावांत क्रियापद सापडत नाही. टॅबलेट म्हणजे लहान पाटी. १८८४मध्ये बरोज वेलकम या कंपनीने दाबून केलेल्या गोळ्यांसाठी ‘टॅब्लॉइड’ हे नाव नोंदवले; छोट्या आकाराच्या वर्तमानपत्राला ते पुढे मिळाले. कॅप्सूल म्हणजे पेटुली. जिलेटिनच्या कॅप्सूलचे पेटंट १८३४चे, पॅरिसचे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचे, म्हणून दादर-गिरगावातले शाकाहारी गिऱ्हाईक ‘व्हेज कॅप्सूल आहे ना?’ असे विचारून घेते. आत काय आणि किती दाट केलेले आहे, ते क्वचितच. सप्लिमेंटला मराठी शब्द आहे: पुरवणी. उत्तरपत्रिकेला जोडतात ती, रविवारच्या वर्तमानपत्रात येते ती. पण अश्वगंधेला कोणी पुरवणी म्हणत नाही. ‘ताकदीचं औषध’ म्हणतात. कायद्याच्या नजरेत मात्र सप्लिमेंट अन्नात मोडते, अन्नसुरक्षेच्या २०१६च्या नियमांखाली. तर चूर्ण-अरिष्ट औषध कायद्याखाली. एकच मूळ एका खणात औषध, शेजारच्या खणात खाद्य.

पेटुलीने नेलेली खरी चीज म्हणजे अनुपान. औषधामागून, औषधाबरोबर घ्यायचे ते अनुपान: मध, तूप, दूध, आल्याचा रस, कोमट पाणी. सितोपलादि मधातून, हिंग्वाष्टक पहिल्या घासाला तुपातून, अश्वगंधा दुधातून. मराठीत हे सांगताना आपण ‘मधाबरोबर’ म्हणत नाही, ‘मधातून’ म्हणतो. बैलगाडीतून यावे तसे औषध मधातून येते. कॅप्सूल कशातूनच येत नाही. ती ‘पाण्याबरोबर’ घ्यायची असते आणि पाण्याला काही म्हणायचे नसते. कडू चव, तोंडाला सुटलेले पाणी, जिभेवर राहिलेली भरड, हे सगळे पेटुलीच्या आत बंद. मी तिच्या विरोधात नाही. कडवट मुळी चमच्याने गिळणे सगळ्यांना जमत नाही, आणि प्रवासात खल घेऊन कोणी हिंडत नाही.

गमीची गंमत अशी की तिने पुन्हा जिभेला कामाला लावले आहे. साखरेचा पाक, त्यात घट्ट धरणारे काहीतरी, औषधाचा अर्क, साच्यात ओतून थंड करायचे. याला मराठीत नाव शोधायची गरज नाही, ‘वडी’ तयार आहे. फक्त तीस वड्यांच्या डबीला कोणी इतके पैसे मोजणार नाही.